विश्लेषण : युक्रेन युद्धातील कोणत्या बातम्या उंब्रजच्या उसापर्यंत पोहोचतात?

पुणे-बंगळूरु महामार्गावर सातारा आणि कराडच्या दरम्यान, तारळी नदी कृष्णेला मिळते तिथे उंब्रज आहे. आजूबाजूच्या शिवारात ऊस. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर हल्ला केला, तेव्हापासून बाखमुत, अवदिव्हका, पोक्रोव्स्क ही नावे इथल्याही मोबाइलवर रोज झळकतात. कोणते गाव पडले, किती रणगाडे जळाले, कोण कोणाला भेटले, याचा नुसता पूर वाहतो. पण खताच्या गोणीचा भाव ठरवणारी बातमी बहुतेक वेळा या पुरात नसतेच. ती बंदरांच्या, निर्बंधांच्या आणि अनुदानाच्या बातम्यांत, आतल्या पानावर चार ओळींत असते.

उसाचा आणि या युद्धाचा संबंध काय?

पूर्वहंगामी उसासाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३४० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी आहे. आडसालीला नत्र ४०० किलोपर्यंत जाते. पालाश आणि स्फुरद निम्मे लागणीला आणि निम्मे भरणीच्या वेळी द्यायचे. १७० किलो पालाश म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशच्या, अर्थात शेतकरी ज्याला नुसते ‘पोटॅश’ म्हणतात त्याच्या, एकरी सुमारे सव्वादोन गोण्या. भारत आपल्या गरजेचे हे पोटॅश जवळपास सगळेच्या सगळे बाहेरून आणतो. आणि युद्धापूर्वी जगाच्या पोटॅश निर्यातीतील सुमारे ४० टक्के वाटा रशिया आणि बेलारूस या दोन देशांचा होता.

डीएपीची गोष्ट थोडी वेगळी. त्यासाठी लागणारा अमोनिया नैसर्गिक वायूपासून बनतो, आणि स्वस्त वायू रशियाकडे मुबलक. म्हणजे गोणीवर नाव भारतीय कंपनीचे असले तरी आतल्या मालाचा धागा या ना त्या वाटेने काळ्या समुद्राकडे किंवा बाल्टिककडे जातो.

मग पोटॅश युद्धामुळेच महागले का?

अर्धे खरे. युद्ध सुरू होण्याच्या नऊ महिने आधी, मे २०२१मध्ये, बेलारूसने अथेन्सहून व्हिल्निअसला निघालेले एक प्रवासी विमान जबरदस्तीने मिन्स्कला उतरवले आणि त्यातील सरकारविरोधी पत्रकाराला अटक केली. त्यानंतर युरोपीय संघाने आणि अमेरिकेने बेलारूसवर निर्बंध कडक केले. ऑगस्ट २०२१मध्ये अमेरिकेने तिथल्या सरकारी पोटॅश कंपनीचे नावच यादीत घातले. बेलारूसला समुद्रकिनारा नाही. त्याचे पोटॅश रेल्वेने लिथुएनियातील क्लायपेडा बंदरात जात असे. ही वाहतूक १ फेब्रुवारी २०२२ रोजी थांबली, म्हणजे युक्रेनवर पहिले क्षेपणास्त्र पडण्याच्या तीन आठवडे आधी.

भारताने २०२१च्या सुरुवातीला पोटॅशचा आयात करार टनाला २४७ डॉलरने केला होता. २०२२च्या सुरुवातीला तोच दर ५९० डॉलर झाला. दुकानात जी गोणी हजार रुपयांच्या आसपास मिळायची ती सुमारे १,७०० रुपयांवर गेली. सव्वादोन गोण्यांच्या हिशेबाने एकरी दीड हजारांहून अधिक जादा खर्च. यातला किती भाग विमान उतरवल्याचा आणि किती भाग रणगाड्यांचा, हे वेगळे काढता येत नाही. पण ज्याने फक्त युद्धभूमीचा नकाशा पाहिला, त्याला निम्मी कथा कळलीच नाही.

याच कथेचा पुढचा भाग डिसेंबर २०२५मध्ये घडला. बेलारूसने १२३ कैद्यांची सुटका केली आणि अमेरिकेने तिथल्या पोटॅशवरील निर्बंध उठवत असल्याचे जाहीर केले. बहुतेक ठिकाणी ही बातमी कैद्यांच्या सुटकेची म्हणून छापून आली, आणि ते योग्यच होते. मात्र ऊसपट्ट्यातील वाचकासाठी तिचे दुसरे वाक्य महत्त्वाचे होते. युरोपीय संघाचे निर्बंध कायम राहिल्याने क्लायपेड्याचा रस्ता लगेच उघडला नाही, हे तिसरे.

जागतिक भाव उतरल्यावर गोणी का उतरली नाही?

इथे युद्धाची बातमी संपते आणि दिल्लीची सुरू होते. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची ५० किलोची १,३५० रुपयांना मिळत राहिली, कारण वाढलेला बोजा केंद्राने उचलला. २०२२-२३ साठी खत अनुदानाची मूळ तरतूद सुमारे १.०५ लाख कोटी होती. प्रत्यक्षात खर्च २.५१ लाख कोटींवर गेला. युक्रेनमधील युद्धाची भारतीय करदात्याने भरलेली ही कदाचित सर्वांत मोठी पावती.

पोटॅशला मात्र किलोमागे ठरावीक अनुदान मिळते, उरलेला भाव बाजाराचा. २०२२च्या खरिपात हे अनुदान पालाशाच्या किलोमागे २५.३१ रुपये होते. ५० किलोच्या गोणीत ३० किलो पालाश असते, म्हणजे गोणीमागे साधारण ७६० रुपये. आयातीचा दर २०२३मध्ये ४२२ डॉलरवर आला, पुढे आणखी घसरला. तसतसे केंद्राने अनुदानही खाली आणले. २०२३-२४च्या रब्बीत ते किलोमागे २.३८ रुपये, म्हणजे गोणीमागे जेमतेम ७१ रुपये उरले. परदेशात स्वस्त झालेल्या पोटॅशचा फायदा सरकारी तिजोरीला झाला. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर तो त्या प्रमाणात दिसला नाही.

याचा परिणाम शिवारात झाला. देशातील पोटॅशची विक्री २०२०-२१मध्ये सुमारे ३४ लाख टन होती, ती २०२२-२३मध्ये १६ लाखांच्या आसपास आली. युरिया स्वस्त, पोटॅश महाग, तेव्हा हात युरियाकडे जाणारच. उसाला पालाश कमी पडले की कांडी भरत नाही, साखर उतरत नाही, ऊस लोळतो, हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला कोणी सांगायची गरज नाही.

युद्धभूमीवरची कोणती बातमी खताची असते?

सर्वच लष्करी बातम्या दूरच्या असतात असेही नाही. रशियातील तोल्याती ते युक्रेनमधील ओडेसा अशी अमोनिया वाहून नेणारी सुमारे २,४७० किलोमीटरची नळवाहिनी आहे. वर्षाला जवळपास २५ लाख टन अमोनिया तीतून काळ्या समुद्रावर येई. हल्ला झाला त्या दिवशीच ती बंद पडली, आणि जून २०२३मध्ये खार्किव्ह प्रांतात स्फोटाने तिचे नुकसान झाले. धान्य करारावरील वाटाघाटींत रशिया ही वाहिनी पुन्हा सुरू करण्याची मागणी वारंवार करत होता. करार १७ जुलै २०२३ रोजी मोडला. आपल्याकडे ती बातमी गव्हाची आणि सूर्यफूल तेलाची म्हणून वाचली गेली, अमोनियाचा उल्लेख फारसा कुठे आला नाही.

२०२५च्या उन्हाळ्यात युक्रेनच्या ड्रोननी रशियातील नेव्हिन्नोमिस्क आणि नोवोमोस्कोव्स्क इथल्या मोठ्या नत्र खत कारखान्यांवर हल्ले केले. खतासाठीची रसायने स्फोटकांनाही लागतात, म्हणून ते लक्ष्य. अशा बातमीत किती आग लागली यापेक्षा उत्पादन किती दिवस थांबले, हा तपशील शोधावा.

सांगलीच्या द्राक्षाची वाट आणखी वेगळी. तासगाव परिसरातील द्राक्षांचा निर्यात हंगाम जानेवारी ते एप्रिल, आणि रशिया भारतीय द्राक्षांचा मोठा ग्राहक. १ मार्च २०२२ रोजी मार्स्क आणि एमएससी या बड्या जहाज कंपन्यांनी रशियासाठी कंटेनरची नोंदणी थांबवली. त्याच आठवड्यात रशियाच्या सात बँकांना ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय व्यवहार प्रणालीतून वगळण्याचा निर्णय झाला. माल वेलीवर तयार, कंटेनर नाही, आणि गेलाच तर पैसे यायचे कसे हा प्रश्न. रिझर्व्ह बँकेने रुपयांत व्यवहार करण्याची चौकट जाहीर केली ती ११ जुलै २०२२ रोजी. तोवर हंगाम संपून गेला होता.

उलट बाजूही आहे. पाश्चात्त्य ग्राहक हात आखडता घेत असताना रशियाने भारताला सवलतीत खत दिले, आणि २०२२-२३च्या पहिल्या सहामाहीत तो प्रथमच भारताचा सर्वांत मोठा खत पुरवठादार ठरला. दुसरीकडे, अलीकडच्या हंगामांत डीएपीसाठी ज्या रांगा लागल्या त्यामागे युक्रेनपेक्षा चीनने निर्यातीवर घातलेल्या बंधनांचा हात मोठा होता. ‘युद्धामुळे माल नाही’ हे दुकानातले उत्तर प्रत्येक वेळी खरे नसते.

लढाईचे दावे कसे वाचायचे?

सावकाश. रशियाच्या लष्करप्रमुखांनी २० नोव्हेंबर २०२५ रोजी कुप्यान्स्क शहर ताब्यात आल्याचे सांगितले. १२ डिसेंबरला युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी त्याच शहराच्या वेशीवरील नामफलकापुढे उभे राहून चित्रफीत प्रसिद्ध केली. पहिल्या दिवशी शीर्षकात ‘ताब्यात’ लिहिलेल्यांची पंचाईत झाली. दुसऱ्या बाजूचे आकडेही तसेच. १ जून २०२५ रोजी युक्रेनने ट्रकमधून सोडलेल्या ड्रोनने रशियाच्या हवाई तळांवर हल्ला केला, ४१ विमानांना फटका बसल्याचे जाहीर केले. अमेरिकी अधिकाऱ्यांचा अंदाज होता सुमारे २० विमानांना फटका आणि त्यातील दहाच्या आसपास नष्ट. कामगिरी तरीही मोठीच होती, पण आकडा निम्म्यावर आला.

म्हणून ‘दावा केला’ आणि ‘उपग्रह छायाचित्रांतून स्पष्ट झाले’ या दोन शब्दप्रयोगांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. स्वतःच्या मृत सैनिकांची पूर्ण संख्या कोणीच सांगत नाही, शत्रूची मात्र रोज सांगतात. आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘थेट युद्धाच्या’ चित्रफितींपैकी अनेक ‘आर्मा ३’ नावाच्या संगणकीय खेळातील निघाल्या. अखेर खेळ बनवणाऱ्या कंपनीलाच तसा खुलासा करावा लागला.

घरातील माणूस तिथे असेल तर?

मग गावाचे नाव हीच बातमी. २ मार्च २०२२ रोजी भारतीय दूतावासाने खार्किव्हमधील भारतीयांना तातडीने शहर सोडून पेसोचिन, बाबाये आणि बेझल्युदोव्हका या ठिकाणी पोहोचण्यास सांगितले. वाहन नसेल तर पायी. अंतरे ११ ते १६ किलोमीटर, मुदत त्याच संध्याकाळी सहाची. आदल्याच दिवशी कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातील एक वैद्यकीय विद्यार्थी तिथे गोळीबारात मरण पावला होता. तिथे शिकायला गेलेल्यांत महाराष्ट्रातील विद्यार्थीही होते, आणि त्या संध्याकाळी त्यांच्या आईवडिलांसाठी या तीन नावांपलीकडे युरोपात दुसरे काही घडत नव्हते.

साताऱ्याला युरोपात पेटलेल्या युद्धाची झळ नवी नाही. पहिल्या महायुद्धात सातारा तालुक्यातील अपशिंग्याचे ४६ जवान कामी आले. गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते. ते सैनिक म्हणून गेले होते. या युद्धात काही भारतीय तरुण मात्र मदतनीसाची, सुरक्षारक्षकाची नोकरी किंवा शिक्षण अशा आमिषाने रशियाला गेले आणि आघाडीवर पोहोचले. मार्च २०२४मध्ये सीबीआयने अशा दलालांविरुद्ध गुन्हा नोंदवला, मुंबईसह अनेक ठिकाणी छापे घातले. समाजमाध्यमांवरील चित्रफिती हेच जाळे होते. परदेशी नोकरी देणारा दलाल नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसावर ‘आधी जा, काम तिथे मिळेल’ असे कोणी सांगत असेल तर तिथेच थांबावे.

परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५मध्ये दिलेल्या माहितीनुसार रशियन सैन्यात गेलेल्या भारतीयांची १२६ प्रकरणे समोर आली होती. त्यांतील ९६ जण परतले, १२ जणांचा मृत्यू झाला. उरलेल्या १८ पैकी १६ जणांचा ठावठिकाणा रशियालाही सांगता आला नव्हता.