दोन काटे एकदम खोटं बोलू लागले की

इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९६२ ते १९८० या काळात ट्रायम्फ स्पिटफायर नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी तयार होत असे. ती आजवर जपणाऱ्यांना एक दुखणं हमखास भेटतं. टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटा पाऊणच्या वर जातो आणि इंजिन शांतपणे चालू असताना तापमानाचा काटा तांबड्याकडे झुकतो. मालक धास्तावतो, रेडिएटर तपासतो, थर्मोस्टॅट बदलतो. काटे जागचे हलत नाहीत!

गंमत या काट्यांच्या पोटात आहे. दोन वेगळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तार, एवढाच तो संसार. तारेतून वीज गेली की पट्टी तापते, एक धातू जास्त फुगतो, पट्टी वाकते आणि काटा ढकलते. म्हणजे पेट्रोलचा काटासुद्धा खरं तर उष्णताच मोजत असतो. टाकीतला तरंगता गोळा वर-खाली होताना विजेच्या वाटेतला अडथळा कमी-जास्त करतो, इतकंच. म्हणून चावी फिरवल्यावर हा काटा रमतगमत चढतो, आणि वळणावर पेट्रोल कितीही हिंदकळलं तरी ढिम्म राहतो.

पण एक अडचण होती. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास, चालू झालं की चौदाच्या घरात. मग ॲक्सिलरेटर दाबल्यावर टाकी भरल्यासारखी दिसायची! यावर उपाय म्हणून डॅशबोर्डमागे काडेपेटीएवढी एक डबी बसवली: व्होल्टेज स्टॅबिलायझर. तो काट्यांना १० व्होल्ट देतो.

कसे? त्या डबीतही तशीच पट्टी, तशीच तार! वीज आली की पट्टी तापते, वाकते आणि स्वतःचाच संपर्क तोडते. गार झाली की पुन्हा जोडते. घरच्या इस्त्रीचा दिवा लागतो-विझतो ना, अगदी तसंच. काट्यांना कधी पूर्ण बारा व्होल्ट मिळतात, कधी शून्य. पण ते इतके मंद की त्यांना जाणवते फक्त सरासरी. बॅटरी चढली तर पट्टी लवकर तापते, लवकर तुटते, सरासरी तिथल्या तिथे. ना ट्रान्झिस्टर, ना चिप. डिजिटल मल्टीमीटर लावला तर आकडे शून्य ते बारा असे नाचतात आणि नवखा माणूस धडधाकट डबी कचऱ्यात टाकतो. मला तर या डबीपुढे हात जोडावेसे वाटतात.

आता दुखण्याकडे. डबीतली तार तापायची तर तिला अर्थिंग हवं, आणि ते मिळतं डबी बसवण्याच्या स्क्रूतून, गाडीच्या पत्र्याला. तिथे गंज चढला किंवा रंग आला की तार तापत नाही, संपर्क तुटत नाही आणि दोन्ही काट्यांना अखंड बारा-चौदा व्होल्ट मिळत राहतात. दोघेही चढून बसतात. उलट दोघेही शून्यावर पडून असतील तर डबीपर्यंत वीज येत नाही किंवा आतला संपर्क उघडाच राहिलाय. एकच काटा चुकत असेल तर मात्र डबीला बोल लावू नका. तो काटा, त्याची तार किंवा तारेच्या टोकाचा सेंडर, म्हणजे काट्याला माप पाठवणारा भाग, पाहा. तापमानाची तार हिरवी-निळी. ती इंजिनावरच्या सेंडरवरून काढली की काटा खाली यायला हवा, आणि क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवली की वर. टाकीकडच्या हिरव्या-काळ्या तारेशी मात्र हा टेकवण्याचा खेळ करू नका. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको.

हल्ली अनेकजण जुन्या डबीत ७८१० नावाची नखाएवढी चिप बसवतात. अवश्य बसवा, पण अर्थिंगशिवाय तीही दहा व्होल्ट देऊ शकत नाही. तेव्हा आधी बॅटरीची तार सोडा, तो एक स्क्रू काढा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा आणि परत घट्ट आवळा.