महापालिकेत विचारायला ओळख लागत नाही

शहराचा विकास आराखडा म्हणजे अभियंते आणि बिल्डर यांचा विषय, आपला काय संबंध, असं भलेभले शिकलेले लोकही म्हणतात. संबंध आहे, आणि तो कायद्याने आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की महापालिकेला हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. मुदतीत अर्ज देणाऱ्याला नियोजन समितीपुढे सुनावणीही मिळते. त्यासाठी जमीनमालक असण्याची गरज नाही.

‘हरकत घेऊन काय होणार, ठरायचं ते आधीच ठरलेलं असतं.’ हा समज सर्वांत घातक, कारण त्यापायी मुदत निघून जाते. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, तेव्हा त्यातल्या चुका रहिवाशांनीच दाखवून दिल्या. हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखडा नव्याने करायला सांगितला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. प्रत्येक हरकत मान्य होते असं नाही. पण न दिलेल्या हरकतीवर सुनावणी होत नाही.

आराखड्याचा नकाशा पाहायला जाताना आपला सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टिपून न्यावा. रंगांत हरवायला होतं, नंबर मात्र सापडतो. घरावरून किंवा शेजारून प्रस्तावित रस्त्याची रेषा गेली आहे का, ते आधी बघा. मग आसपासच्या जागांवरची आरक्षणं: शाळा, दवाखाना, उद्यान, मैदान. जी सूचना सर्वांना कळायला हवी, ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात छापून महापालिकांनी मोकळं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. क्षेत्रीय कार्यालयाच्या दारात मोठा नकाशा आणि तो मराठीत समजावून सांगणारा माणूस, एवढं तर करता येईलच.

‘आरक्षण पडलंय, म्हणजे मैदान होणारच.’ नाही. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत महापालिकेने जागा घेतली नाही, तर मालक याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली सूचना बजावू शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत जागा ताब्यात घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपुष्टात येतं, आणि मैदान कागदावरूनही जातं. म्हणून मंजुरीनंतरही संपादन कुठवर आलं, अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद आहे का, हे वरचेवर विचारत राहायला हवं.

विचारायचं कुठे? ‘फाइल बघायला ओळख लागते’ हाही गैरसमजच. राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. त्याआधी पुणे महापालिकेने ही पद्धत सुरू केली होती. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवसांची. शिवाय २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे बरीच माहिती कोणी न मागताही कार्यालयाने जाहीर करायची असते. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. काम, रस्ता, वर्ष आणि हवा असलेला कागद नेमका लिहा.

कारभार महापौर चालवतात, ही समजूतही जुनीच. महापौर सभागृहाचे प्रमुख असतात. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या सभागृहांची मुदत संपल्यावर तिथे प्रशासक नेमले गेले. तेव्हा विचारायला नगरसेवक नव्हता, पण माहितीचा हक्क तसाच होता.

आणि शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा, रस्ते विकास महामंडळाचा किंवा मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचाही (एमएमआरडीए) असू शकतो. खड्ड्याची तक्रार लिहिण्याआधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, ते वॉर्ड ऑफिसातल्या अभियंत्याकडून विचारून घ्या. अर्ज चुकून दुसरीकडे गेला आणि तो माहिती अधिकाराचा असेल, तर ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं तो मिळालेल्या कार्यालयावर बंधनकारक आहे.