शेवाळाला किती उपाशी ठेवायचे?

पिंपरीगावातून पिंपळे सौदागरला येणाऱ्या पुलावर उन्हाळ्यात उभे राहिलात, तर खाली पवनेचे पाणी दिसेलच असे नाही. जलपर्णीने ते झाकलेले असते. महापालिका ती काढते आणि ती पुन्हा येते, कारण सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस नदीत येतच राहतात.

या नदीलगतच्या सोसायट्यांमध्ये आज अनेक घरांत मत्स्यालये दिसतात आणि त्यांतले काही हौशी थेट समुद्रच दिवाणखान्यात आणतात. दोनशे लिटरची टाकी, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, निळसर एलईडी, क्लाउनफिशची जोडी आणि प्रवाळ. काही महिने सारे झकास चालते. मग एके दिवशी नदीतलीच गोष्ट टाकीत घडते: खडकावर हिरवी केसाळ लव दिसते, वाढत जाते आणि प्रवाळांच्या अंगावर चढते.

पहिली धाव औषधाकडे जाते. शेततळ्यात शेवाळ माजले की मोरचूद टाकण्याची पद्धत आपल्याला माहीत असते, पण प्रवाळांच्या टाकीत मोरचूद म्हणजे सर्वनाश. त्यातले तांबे गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ या सगळ्यांना मारते. शिवाय प्रवाळ स्वतःच शैवालाच्या जिवावर जगतो. त्याच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहते आणि दिवसा प्रकाशसंश्लेषण करून त्याला अन्न पुरवते. म्हणजे सरसकट शैवालच मारणारे द्रव्य इथे चालणारच नाही. ब्रायोप्सिस नावाच्या चिवट हिरव्या शेवाळावर बुरशीविरोधी फ्लुकोनॅझोल वापरणारे हौशी जगभर आहेत. लालसर-जांभळ्या, बुळबुळीत थरावर (ते खरे शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया) एरिथ्रोमायसिनही टाकले जाते. माणसांसाठीचे प्रतिजैविक टाकीत ओतायचे आणि बदललेले पाणी गटारात सोडायचे, हे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. आणि औषधाने शेवाळ मेले तरी त्याच्या शरीरातला फॉस्फरस जातो कुठे? मेलेले शेवाळ पाण्यातच कुजले, तर पुढच्या पिकाचे खत तयार.

खरी गंमत आकड्यांत आहे. दोनशे लिटर पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट असेल, तर साऱ्या टाकीच्या पाण्यात मिळून ते भरते २० मिलिग्रॅम. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. एक ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे फॉस्फेटच्या हिशेबात सुमारे ३०. चिमूटभर खाद्यातून टाकीतल्या सगळ्या पाण्यापेक्षा जास्त फॉस्फेट आत गेले! आता आपण कर्तव्यदक्षपणे वीस टक्के पाणी बदलतो तेव्हा बाहेर काय काढतो? चार मिलिग्रॅम.

तेवढ्यानेही भागत नाही. टाकीतले खडक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि फॉस्फेट त्यांना चिकटून बसते. महिनोन्महिने साठलेली ही मुदत ठेवच म्हणायची. पाण्यातले फॉस्फेट कमी केले की खडक आपल्याकडचे सोडू लागतात. लोहाच्या ऑक्साइडचे दाणे भरलेला फिल्टर लावूनही आठवड्यात फरक न दिसण्याचे हे एक कारण. उलट अनेकदा पाण्याच्या चाचणीत फॉस्फेट शून्य येते आणि खडकावर शेवाळ डोलत असते. चाचणी चुकलेली नसते. जे सुटे होते ते शेवाळाने आधीच फस्त केलेले असते.

पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे एक खास घोळ आहे. नळाचे पाणी एक दिवसाआड, वर टँकर, कुठे बोअरवेल, आणि सोसायटीच्या टाकीत सगळ्यांची मिसळ. म्हणून स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी वापरले जाते. पण पिण्याच्या अनेक यंत्रांत चवीसाठी आरओच्या पडद्यातून न गेलेले थोडे पाणी परत मिसळण्याची सोय असते. टीडीएस ६० दाखवणारे पाणी आपल्या चहाला उत्तम, टाकीला नाही. त्यासाठी आरओनंतर आयन धरून ठेवणाऱ्या रेझिनमधून शून्य टीडीएसपर्यंत पाणी न्यावे लागते, नाहीतर सिलिकेट आत शिरते आणि काचेवर डायटमचा तपकिरी थर धरतो. आरओमधून वाया जाणारे पाणी मात्र लादी पुसायला ठेवावे. एक दिवसाआडच्या पाण्यात ते सोडून देणे परवडत नाही.

मग सगळे पोषण शून्यावर आणावे का? इथेच उत्साही माणूस फसतो. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपवलेल्या टाकीत हिरवे शेवाळ मागे हटते आणि मोकळ्या जागेत डायनोफ्लॅजेलेट येऊ शकतात: बुडबुडे धरलेला तपकिरी, शेंबडासारखा थर. त्यांच्यातले काही विषारी, ते खाऊन गोगलगायी मरतात. अशा वेळी उपाय उलटा, पोषण थोडे वाढवायचे. प्रवाळांनाही थोडे नायट्रेट-फॉस्फेट लागतेच.

दुसरी बाजू शेवाळ चरणाऱ्यांची. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायडेमा ही लांब काट्यांची, शेवाळ खाणारी समुद्रसाळ रोगाने जवळजवळ नाहीशी झाली. जमैकात अतिमासेमारीने शेवाळ खाणारे मासे आधीच संपले होते. प्रवाळांचे अभ्यासक टेरी ह्यूज यांनी १९९४ मध्ये मांडलेले तिथले चित्र असे: सत्तरच्या दशकाअखेरी निम्म्याहून अधिक तळ प्रवाळांनी व्यापलेला होता, तो पाच टक्क्यांखाली आला, शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ वर गेले. टाकीतही टर्बो किंवा ट्रोकस गोगलगायी नसतील, तर पाणी कितीही शुद्ध ठेवा, कोवळा कोंब मोठा होणारच. मात्र गोगलगायी लांब वाढलेल्या झुपक्याला फारसे तोंड लावत नाहीत. आधी हाताने उपटायचे, तुटलेले धागे नळीने ओढून घ्यायचे, मगच त्यांना कामाला लावायचे.

मला सगळ्यात आवडणारा उपाय शेवाळानेच शेवाळ काढण्याचा आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास प्रवाळांच्या टाकीचे पाणी प्रखर प्रकाशातल्या जाळीवरून वाहवले. शेवाळ त्या जाळीवर वाढायचे आणि ते खरवडून टाकले की पोषणही बाहेर जायचे. आज अनेक हौशी टाकीखालच्या कप्प्यात कीटोमॉर्फा या शेवाळाचा गुंता ठेवतात, त्याचा दिवा रात्री लावतात, म्हणजे मुख्य टाकीत अंधार असताना सामू फार घसरत नाही. वाढलेला गुंता अधूनमधून अर्धा काढायचा.

कीटोमॉर्फाच्या जागी कॉलर्पा हे शेवाळ मिळाले तर नको म्हणा. मत्स्यालयातल्या कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा लहानसा ठिपका १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसला आणि भूमध्य समुद्रात फोफावला. कॅलिफोर्नियात हे शेवाळ २००० मध्ये सापडल्यावर ते संपल्याचे जाहीर व्हायला २००६ उजाडले. काढलेले कुठलेही समुद्री शेवाळ गॅलरीत उन्हात पूर्ण वाळवावे आणि कचऱ्यात द्यावे. कुंडीत घालू नये. त्यातल्या मिठाने तुळस जळेल.