संगणक नेमका कुठे अडतो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि देशभरातले लाखो घरगुती संगणक एका रात्रीत 'जुने' ठरले. ते बंद पडले नाहीत; कालपर्यंत जेवढे चालत होते तेवढेच आजही चालतात. पण विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, त्यामुळे २०१७ पूर्वीच्या बहुतेक यंत्रांना तिथे अधिकृत प्रवेश नाही. दुकानातला सल्ला मग ठरलेला असतो: नवीन घ्या. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीसारख्या गावात हा सल्ला महाग पडतो. इथे घरातला एकच संगणक मुलांच्या प्रवेश-अर्जांना, जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाच्या 'यू-डायस प्लस' या सरकारी संकेतस्थळावरच्या माहितीला, सातबारा काढायला आणि परीक्षेचे व्हिडिओ पाहायला वापरला जातो. एवढ्या कामांसाठी दहा-बारा वर्षांचे यंत्र पुरत नाही, हे मला मान्य नाही. ते पुरते, फक्त पैसा जिथे संगणक अडतो तिथेच घालावा लागतो, आणि ती जागा लोक समजतात ती नसते.

हा विचार येडशीला परका नाही. गावावरून जाणारी बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभी केली. कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला आणि १९११ पर्यंत गाडी लातूरला पोहोचली. रूळ अडीच फूट अंतराचे आणि वजनाला हलके, कारण पैसा थोडा. हलक्या रुळावर जड माल कसा न्यायचा, याचे कॅलथ्रॉपचे उत्तर असे होते की प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. इंजिन असो की वाघिणी, वजन सगळ्या आसांवर सारखे वाटायचे; मग तोच हलका रूळ मोठ्या वाघिणी पेलतो. या रेल्वेची खरी अडचण कुर्डुवाडीला होती. मोठ्या रुळावरून आलेला माल तिथे उतरवून छोट्या गाडीत पुन्हा भरावा लागे. तिथल्या खोळंब्यावर येडशीच्या बाजूला कितीही दमदार इंजिन आणून उपाय झाला नसता. तो खोळंबा संपला तो २००७-०८ मध्ये, कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर.

जुन्या संगणकातली कुर्डुवाडी म्हणजे हार्ड डिस्क. तिच्या आत चकत्या फिरतात आणि वाचणारे डोके त्यांच्यावर मागे-पुढे सरकते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद जातात, आणि डोके योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ. एका तुकड्यासाठी बारा-तेरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे. फाइल मोठी आणि सलग असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभरावर मेगाबाइट वाचते, म्हणून जाहिरातीतला आकडा खोटा नसतो. पण संगणक सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना सलग वाचन फार थोडे होते; हजारो बारीक फाइली डिस्कभर विखुरलेल्या असतात. समजा असे वीस हजार तुकडे वाचायचे आहेत, तर फिरत्या डिस्कला चार मिनिटांहून जास्त लागतील. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, एक तुकडा साधारण दशांश मिलिसेकंदात मिळतो आणि तेच काम दोन सेकंदांत आटोपते. प्रत्यक्षात कॅशे आणि इतर युक्त्यांमुळे आकडे इतके टोकाचे राहत नाहीत, पण फरकाची जात हीच.

उदाहरणाला या भागातल्या घराघरांत सापडणारे असेंबल केलेले यंत्र घेऊ: एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा कोअर आय३, दोन किंवा चार जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. या बोर्डावर नव्या एसएसडींसाठीची एम.२ खाच नाही, त्यामुळे अडीच इंची साटा एसएसडीच घ्यावी लागते. जाणकार इथे आक्षेप घेतात की एच६१वरचे साटा पोर्ट जुन्या पद्धतीचे आहेत, सेकंदाला ३०० मेगाबाइटच्या पुढे जात नाहीत, मग सेकंदाला पाचशे मेगाबाइटची एसएसडी लावून अर्धा वेग वायाच जाणार. आक्षेप आकड्यांत बरोबर आहे, निष्कर्षात चूक. चार-चार किलोबाइटचे तुकडे एकामागून एक वाचताना चांगली साटा एसएसडीही तीस-चाळीस मेगाबाइटच्या आसपासच असते. म्हणजे तीनशेची मर्यादा रोजच्या कामात क्वचितच आड येते. फायदा होतो तो वाट पाहणे संपल्यामुळे. एसएसडी २५६ जीबीची पुरे. तिच्यावर विंडोज आणि प्रोग्रॅम ठेवावेत. फोटो, लग्नाचे व्हिडिओ, जुने कागद मूळ हार्ड डिस्कवरच राहू द्यावेत. हे काम एका स्क्रू-ड्रायव्हरने घरी होते, आणि दुरुस्तीसाठी कॅबिनेट उचलून धाराशिव, बार्शी किंवा लातूर गाठावे लागणाऱ्यांसाठी ही गोष्ट लहान नाही.

दुसरा खर्च रॅमचा, आणि तोही एका अर्थी डिस्कचाच. रॅम भरली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर टाकते आणि लागेल तेव्हा परत आणते. ब्राउझरच्या सहा-सात टॅब उघडल्या की चार जीबीचे यंत्र 'हँग' होते ते यामुळे. खातरजमा करायला दुकान लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि संगणक रखडलेला असताना डिस्क, मेमरी आणि सीपीयू यांचे रकाने पाहावेत. डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू वीस-तीसवर असेल, तर प्रोसेसर रिकामा बसला आहे. आठ जीबी रॅम घरगुती कामाला पुरते आणि एच६१वर १६ पर्यंत जाते. मात्र अनेक जुन्या यंत्रांवर ३२ बिटची विंडोज टाकलेली असते. तिला चार जीबीच्या पुढचे दिसतच नाही, म्हणून आधी ६४ बिटची विंडोज टाकावी. लॅपटॉपमध्ये रॅम घेताना डीडीआर३ की कमी व्होल्टेजची डीडीआर३एल हे जुन्या पट्टीवर वाचून जावे. २०१३ नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपना दुसरीच लागते.

इथे भावाचा मुद्दा येतो. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे उत्पादन एवढे ओढले की रॅमचे भाव भराभर चढले आणि एसएसडीही महागल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' हा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. कॅलिफोर्नियातले सर्व्हर आणि येडशीतला संगणक एकाच कारखान्याच्या दारात उभे आहेत, आणि आपण रांगेत मागे आहोत. यावरून कोणी म्हणेल की सुधारणेचा हिशेब कोलमडला. मला उलट दिसते. नव्या संगणकातही तीच महागडी रॅम आणि एसएसडी असते, शिवाय बाकी सगळे पुन्हा विकत घ्यावे लागते. आणि रॅमचा भाग फारसा झिजत नाही. डीडीआर३ आणि डीडीआर४ची वापरलेली पट्टी, महिनाभराच्या बदलून देण्याच्या बोलीवर, निर्धास्त घ्यावी. वापरलेली एसएसडी मात्र घेऊ नये, तिचे लिहिण्याचे आयुष्य मोजके असते. ओळख नसलेल्या नावाची, अवाच्या सवा क्षमता सांगणारी स्वस्त एसएसडी तर नकोच. आत छोटी चिप आणि वर मोठा आकडा, अशी फसवणूक बाजारात होते.

प्रोसेसर बदलण्याचा मोह सर्वांत मोठा, कारण यंत्राची ओळखच त्याच्या नावाने होते. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब इथे डोळे उघडतो. एखाद्या कामाला १०० सेकंद लागतात, त्यांतले ८० डिस्कची वाट पाहण्यात आणि २० प्रोसेसरचे, असे धरा. प्रोसेसर दुप्पट वेगाचा केला तर ९० सेकंद लागतील. डिस्कची वाट दहापट कमी केली तर २८. म्हणून प्रोसेसरचा क्रमांक शेवटचा. घ्यायचाच असेल तर त्याच सॉकेटमधला सेकंड हँड आय५ पाहावा, आणि सॉकेटचे नाव सारखे म्हणजे जोडी जमली असे धरू नये: इंटेलच्या सातव्या आणि आठव्या पिढीच्या सॉकेटचे नाव एकच, एलजीए ११५१, पण सातव्याच्या बोर्डावर आठवीचा प्रोसेसर चालत नाही.

प्रोसेसर खरोखर अडतो अशी एक घरगुती जागा आहे: यूट्यूब. तिथला व्हिडिओ बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतीने आवळलेला येतो आणि २०१२च्या चिपमध्ये तो उलगडायची सोय नसते, त्यामुळे सगळा भार साध्या गणनेवर पडून चित्र अडखळते. तोच व्हिडिओ जुन्या एच.२६४ पद्धतीत मागवायला लावणारे एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकले की त्याच चिपचा एच.२६४साठीचा भाग कामाला लागतो. खर्च शून्य. अशा उपायांची माहिती गिऱ्हाइकाला दुकानात मिळायला हवी. ती मिळत नाही, याचे मला वाईट वाटते.

वेगाच्या चर्चेत विजेचा विषय निघत नाही, पण मराठवाड्यात तो आधी निघायला हवा. वीज वारंवार जाते-येते, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे, वर धूळ. पंख्यात धूळ बसली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. लोकांना वाटते यंत्र म्हातारे झाले. कॅबिनेट उघडून ब्रशने पंखा साफ करणे आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे हीसुद्धा सुधारणाच. यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते, तेव्हा पूर्ण यूपीएस न टाकता बॅटरी बदलावी. बिननावाचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि नसलेले अर्थिंग नव्या एसएसडीलाही सोडणार नाहीत. आणि मदरबोर्डावरची सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी संपली, की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते, बँकेची आणि सरकारी संकेतस्थळे 'असुरक्षित' म्हणून उघडत नाहीत, आणि दोष इंटरनेटला जातो.

सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे. आधार थांबलेल्या विंडोज १० वर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे, आणि घरगुती ग्राहकांसाठी सुरुवातीला जाहीर झालेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. त्यावर एसएसडी आणि आठ जीबी रॅम हे उत्तर होत नाही. उत्तर लिनक्स मिंटसारख्या मोफत प्रणालीत आहे, आणि तिला सुखाने चालायला नेमकी हीच सुधारणा पुरते. युनिकोडमुळे मराठी टंकलेखन तिथे अडत नाही, ब्राउझर तेच असतात, अर्ज तसेच भरले जातात. पण ज्याच्या घरात श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर पत्रिका-फ्लेक्सचे काम चालते, किंवा बोटांचे ठसे घेणारे यंत्र आणि डिजिटल सहीचे डोंगल लावून सेवा केंद्र चालवले जाते, त्याला लिनक्सचा आग्रह करणे अन्यायाचे ठरेल. त्याची उपजीविका विंडोजवर आहे. त्याने जुन्यात पैसा घालू नये. कार्यालयांतून निघालेला आठव्या पिढीचा किंवा पुढचा वापरलेला डेस्कटॉप घ्यावा. अशा ब्रँडेड यंत्रांचा एसएमपीएस अनेकदा वेगळ्या मापाचा असतो, म्हणून तो बदलून कुठे मिळतो हे आधी विचारावे.

बाकीच्यांसाठी माझी मर्यादा अशी: सुधारणेचा एकूण खर्च अशा वापरलेल्या डेस्कटॉपच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापुढे जाऊ लागला, की थांबावे. नव्या स्वस्त लॅपटॉपबाबत तर उलटी काळजी घ्यावी लागते. त्यांतल्या काहींत रॅम बोर्डावर डाग देऊन पक्की बसवलेली असते आणि डिस्कच्या जागी न बदलता येणारी ईएमएमसी चिप असते. चार जीबीचा तसा लॅपटॉप पाच वर्षांनीही चार जीबीचाच राहील. 'रॅम वाढते का, डिस्क बदलते का' हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचे, आणि उत्तर बिलावर किंवा मॉडेलच्या माहितीपत्रकावर पाहायचे. जुना संगणक विकताना किंवा भंगारात देताना हार्ड डिस्क काढून घ्यायची. नुसते क्विक फॉरमॅट मारल्याने आधार कार्डाच्या प्रती, पासबुकाचे फोटो आणि मुलांच्या गुणपत्रिका पुसल्या जात नाहीत. पूर्ण डिस्कवर नवे लिहिणारे साधन एक रात्र चालू ठेवले की जातात.