आधी उघड्या डोळ्यांनी

कुष्ठरोगाचा जंतू शोधणाऱ्या शास्त्रज्ञाला एका न्यायालयाने रुग्णालयातल्या पदावरून दूर केलं. तोच रोग जामखेडच्या गावांमध्ये शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनी हुडकून काढला. वैद्यकाची नीती कशाला म्हणतात, ते या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळतं.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की आरोग्य कार्यकर्ती एक साधी तपासणी करते. त्यासाठी तिला लागतं फक्त एक बॉलपेन. ती माणसाला समोर बसवते, पेनचं टोक चांगल्या कातडीला हलकेच टेकवते आणि सांगते, ‘बघा, मी असं टेकवणार. टेकल्यासारखं वाटलं की तिथं बोट ठेवायचं.’ एकदोनदा त्याच्या उघड्या डोळ्यांसमोर करून दाखवते. त्याला नीट समजलंय अशी खात्री झाली, की मगच म्हणते, ‘आता मिटा डोळे.’ चांगल्या कातडीवर टोक टेकलं की बोट नेमकं तिथं जातं. चट्टा कुष्ठरोगाचा असेल, तर त्यावर टेकल्यावर हात जागचा हलत नाही.

जेमतेम दोन मिनिटांचं काम. पण आधी दाखवायचं, समजावायचं आणि मगच डोळे मिटायला सांगायचं, हा क्रम महत्त्वाचा आहे. तो चुकला तर तपासणी चुकते. तो मोडला तर आणखीही बरंच काही मोडतं.

जंतूची चाल

कुष्ठरोगाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम लेप्रे, विलक्षण संथ आहे. पोटात बिघाड करणारे नेहमीचे जंतू अनुकूल स्थितीत वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून लागण झाल्यावर पहिला चट्टा उमटायला कित्येक वर्षं जातात, आणि रोग कुठून आला याचा माग लागत नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत हा जंतू अजूनही वाढवता आलेला नाही. त्याला शरीरातला थंड भाग मानवतो: कातडी, नाक, कानाच्या पाळ्या आणि कातडीच्या जवळून जाणाऱ्या नसा. कोपर कशावर तरी आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. ती नस याची आवडती जागा. नसेच्या तंतूंना वेढून बसलेल्या पेशींमध्ये तो घर करतो, आणि हळूहळू त्या नसेतून संवेदना जाते.

‘महारोगात बोटं झडतात’ असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. जंतू बोटं खात नाही. नस बधिर झालेली बाई चुलीवरचा तवा उघड्या हाताने उतरवते आणि भाजल्याचं तिला कळत नाही. शेतकऱ्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडतो, तो त्यावरच दिवसभर चालतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. बोट जातं ते वेदना हरवल्यामुळे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिलं आणि अशा रुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. त्याच कॉलेजातून पुढे जामखेडला येणारं एक डॉक्टर जोडपं शिकून बाहेर पडलं.

बर्गेनचा खटला

हा जंतू पहिल्यांदा पाहिला तो नॉर्वेतल्या बर्गेन शहरात, गेरहार्ड आरमॉअर हान्सेन यांनी, १८७३ साली. कुष्ठरोग आनुवंशिक आहे असं मानण्याचा तो काळ. हान्सेन यांचं म्हणणं होतं की तो संसर्गाने होतो. ते बरोबर होतं, पण सिद्ध कसं करायचं? जंतू बशीत वाढेना, प्राण्यांत रुजेना. १८७९ मध्ये त्यांनी रुग्णालयातल्या एका बाईच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. तिला आधीच कुष्ठरोग होता, पण वेगळ्या प्रकारचा. तिला विचारलं नव्हतं. प्रकरण न्यायालयात गेलं. आपण परवानगी घेतली नाही हे हान्सेन यांनी कबूल केलं. ती बाई या प्रयोगाकडे डॉक्टरच्या नजरेने पाहणार नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. १८८० मध्ये न्यायालयाने त्यांना रुग्णालयातल्या पदावरून दूर केलं. देशाचे कुष्ठरोग अधिकारी म्हणून मात्र ते कामावर राहिले.

माणसांवरच्या प्रयोगांसाठी संमती अनिवार्य मानणारी न्यूरेंबर्ग संहिता आली १९४७ साली. त्याच्या जवळजवळ सत्तर वर्षं आधीचा हा निकाल. त्यात मला सगळ्यात जास्त बोचतं ते हान्सेन यांचं गृहीतक. त्यांच्या मनात क्रौर्य नव्हतं. ‘तिला काय कळणार’ एवढंच होतं. आपल्याकडे वरोऱ्याचे बाबा आमटे कुष्ठरोगाचा अभ्यास करायला कलकत्त्याला गेले, तेव्हा त्यांनी प्रयोगासाठी स्वतःचं शरीर पुढे केलं आणि जंतू टोचून घेतले. टोचणं दोन्हीकडे होतं. एकाला सगळं ठाऊक होतं आणि त्याने होकार दिला होता. दुसरीला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

जामखेडचं उत्तर

‘तिला काय कळणार’ याला जामखेडने उत्तर दिलं आहे. डॉ. रजनीकांत आरोळे मूळचे सुप्याचे. पत्नी डॉ. मेबल यांच्यासह ते आधी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होते. बरा करून पाठवलेला रुग्ण त्याच आजाराने पुन्हा दारात उभा राहतो, कारण आजाराचं मूळ गावातच असतं, हे त्यांनी तिथे पाहिलं. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९७० साली ते जामखेडला आले. बीड आणि धाराशिवच्या हद्दीला टेकलेला हा कोरडा तालुका, आणि दोनच वर्षांनी पडलेला बहात्तरचा दुष्काळ.

गावात बाहेरून परिचारिका पाठवून काम भागेना, तेव्हा गावातल्याच बायकांना शिकवायचं ठरलं. त्यातल्या बऱ्याच दलित आणि गरीब घरांतल्या, कित्येक निरक्षर. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र बसून जेवायच्या. बाळंतपणातली स्वच्छता, जुलाब झालेल्या पोराला साखर-मिठाचं पाणी, लसी, क्षयाचा खोकला, बधिर चट्टा असं एकेक त्या शिकल्या आणि गावात जाऊन इतरांना शिकवू लागल्या.

कुष्ठरोग शोधण्यात त्यांची ताकद दिसली. पाठीवरचा किंवा मांडीवरचा चट्टा बाई अनोळखी डॉक्टरला दाखवत नाही. शेजारच्या आळीतल्या, आपलं बाळंतपण केलेल्या बाईला दाखवते. रोग लवकर सापडला की नस वाचते, हात वाचतो. रुग्णांसाठी वेगळी वसाहत नव्हती. औषध घरी राहूनच घ्यायचं आणि इतरांच्याच रांगेत बसायचं. शेजारणीने ‘याला शिवलं तरी काही होत नाही’ असं सांगून स्वतः त्या घरचा चहा प्यायला, तर गाव ऐकतं. भित्तिपत्रकाचं ऐकत नाही.

ज्ञान गावात गेल्याचा परिणाम आकड्यांतही उतरला. आरोळे यांच्या प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. १९७८ च्या अल्माआटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा विचार जगाने स्वीकारला, त्याआधीच जामखेडचा अनुभव जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात आला होता. १९७९ मध्ये आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून ‘आशा’ ताई काम करू लागल्या, तेव्हा गावातली बाई आरोग्याचं काम पेलते का, ही शंका जामखेडने कधीच मिटवलेली होती.

कागद आणि समज

आज कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने ती घ्यावी लागतात, आणि उपचार सुरू झाले की लागणीचा धोका लवकरच संपतो. कायदा मात्र फार उशिरा जागा झाला. कुष्ठरुग्णांना डांबण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ मध्ये वगळलं गेलं. विज्ञानाने बरा केलेला माणूस इतकी वर्षं कायद्याच्या लेखी रोगीच राहिला.

संमतीचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं, की उपचारांसाठीची संमती खरी ठरायची तर रुग्णाला पुरेशी माहिती द्यायला हवी. तरीही शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री घाईघाईने पुढे सरकवलेला छापील कागद आणि ‘इथं सही करा’ हे आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलंय. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘तुम्हाला नाही समजायचं ते.’ एकशेचाळीस वर्षांपूर्वी बर्गेनमध्ये दोषी ठरलेलं वाक्य हेच.

निरक्षर बायका जंतू, नस आणि औषध समजून घेऊन इतरांना समजावू शकतात, हे जामखेडने पन्नास वर्षांपूर्वी दाखवलं. मग समजावायला वेळ नाही ही सबब फार काळ टिकत नाही. रुग्णाला भुलीचं इंजेक्शन देणारा डॉक्टर त्याला डोळेच मिटायला सांगत असतो. चट्टा तपासणारी ती बाई बॉलपेन हातात धरून आधी जे करते, ते त्यानेही करावं: समोर बसावं, दाखवावं, आणि त्याला समजलंय याची खात्री होईपर्यंत थांबावं.