आधी मनगट, मग पितळ

जुना ट्रॉम्बोन हाती आला की बघणारा आधी बेलमध्ये, म्हणजे पुढच्या रुंद तोंडात, डोकावतो, पोचे मोजतो. मी म्हणेन, बेल राहू द्या, स्लाइड, म्हणजे मागेपुढे सरकणारी नळी, काढा. पोचे चांगला कारागीर रोलर फिरवून काढतो आणि पोचा असतानाही वाद्य वाजतंच. स्लाइड अडली तर मात्र सूर वाटेतच राहतो. बाहेरच्या स्लाइडचा एकेक पाय एकेका आतल्या नळीवर वेगळा चढवून बघावा. सुटे पाय सरसर जातात आणि जोडीने अडतात, तेव्हा नळ्या सरळ असतात, त्यांच्यामधलं अंतर बिघडलेलं असतं. ग्रॅनाइटच्या सपाट फरशीवर ठेवून ते जुळवता येतं. आतल्या नळ्या जर्मन सिल्व्हरच्या, वर क्रोमचा मुलामा. टोकाला थोडा जाडसर भाग असतो, त्याला स्टॉकिंग म्हणतात. खरी घसट तिथेच होते. जुने वादक त्यावर पॉन्ड्सचं कोल्ड क्रीम चोळून वर पाण्याचा फवारा मारायचे. तिथला मुलामा झिजला असेल तर कुठलंही क्रीम कामाचं नाही.

दुसरी खूण रंगाची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तोंडातला ओलावा वर्षानुवर्षं आत बसला की जस्त निघून जातं आणि गुलाबी ठिपके दिसू लागतात. आतून बाहेर फुटलेले ठिपके दिसले तर तो नग सोडून द्यावा. पहिल्या महायुद्धाच्या आधीचा नग असेल तर त्यावर ‘एचपी’ कोरलंय का तेही पाहावं. ‘एचपी’ म्हणजे हाय पिच: तसा नग उंच पट्टीचा, सुमारे ४५७ कंपनांच्या ‘ए’साठी बांधलेला. आजच्या ४४०च्या मंडळींत तो नीट बसत नाही.

नावांचा मोह मोठा. अमेरिकेतल्या इंडियानामधलं एल्खार्ट गाव पितळी वाद्यांचं माहेरघर. तिथल्या कॉन कंपनीचा ८८एच १९५४ साली आला, ईस्टमन स्कूलचे गुरू एमरी रेमिंग्टन यांच्या सल्ल्याने. स्लाइडच्या नळीचा व्यास ०.५४७ इंच, बेल तांबूस पितळेची. पुढे कंपनी विकली गेली, कारखाना टेक्ससमधल्या अ‍ॅबिलीनला हलला आणि ‘एल्खार्ट कॉन’चे भाव चढले. तसंच न्यूयॉर्कजवळच्या माउंट व्हर्ननच्या बाखचं, क्लीव्हलंडच्या किंगचं, कॅलिफोर्नियातल्या ओल्ड्सचं. ही नावं खोटी नव्हेत, पण पन्नास वर्षांत कुणाच्या हाताखाली वाद्य कसं राहिलं, हे गावाच्या नावावरून कळत नाही.

माझ्याकडे आला तो कॉन ६एच: ०.५०० इंच, व्हॉल्व्ह नसलेला, सडपातळ. आवाजाच्या आधी माझं मनगट तक्रार करू लागलं. ट्रॉम्बोनचा सगळा भार डाव्या हातावर असतो. उजवा फक्त स्लाइड सांभाळतो. सहाव्या-सातव्या पोझिशनला हात लांब गेला की वजन पुढे सरकतं, नाक खाली जातं आणि ते सावरायला डावं मनगट आवळतं. आवळलेला हात खांद्याला ओढतो, खांदा छातीला, आणि श्वास तोकडा पडतो. आवाज ‘बारीक’ येतो म्हणून माउथपीस बदलत बसणारे कितीतरी जण प्रत्यक्षात हाताशी भांडत असतात. मागच्या ट्यूनिंग स्लाइडच्या आडव्या दांडीवर छोटं वजन बसवल्यावर तोल मागे आला. दांडीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, त्यावर मऊ चामडं. चामड्याखाली घाम साचून पितळ खातो, म्हणून आठवड्याला सोडून पुसावं लागतं.

व्हॉल्व्हचा ट्रॉम्बोन असेल तर अंगठ्याचा प्रश्न येतो. १८३९ साली लाइपझिगच्या सॅटलरने ही सोय केली. एक कळ दाबली की वाद्य खाली, ‘एफ’मध्ये उतरतं. जुन्या कळी लांब पल्ल्याच्या, लहान हाताला त्रासाच्या. कळीचा कोन बदलणं, खटखट थांबवायला नवे बंपर लावणं, एवढ्याने बरंच काम होतं. पूर्ण व्हॉल्व्ह कापून थेयर किंवा हागमनचा बसवायला मात्र माझा विरोध आहे. हवा मोकळी जाते हे खरं, पण आधीचं वाद्य परत मिळत नाही.

आवाजाचं गुपित लीडपाइपमध्ये. माउथपीस बसतो तिथली ही वीतभर नळी, आत एका जागी सर्वांत अरुंद. त्या अरुंदपणात केसाएवढा फरक पडला तरी वादकाला कळतो. तंबोऱ्याच्या जवारीला कानस किती लागली, तशीच ही गोष्ट. अरुंद नळी आधार देते, वरचे सूर जागेवर बसतात. मोकळी नळी आवाज पसरवते, श्वास मात्र जास्त मागते.

माझी नळी डाख देऊन बसवलेली होती. कारागिराने ज्योत सांध्याभोवती सावकाश फिरवली, डाख चमकला, पाणावला, आणि त्याने पक्कडीने नळी एका दमात ओढली. ती तुटली असती तर खेळ संपला असता. आत गंजलेल्या नळ्या तुटतातच. काळीकुट्ट, हिरवट पुटं चढलेली ती सहीसलामत बाहेर आली. त्या जागी सुटी, थोडी मोकळी नळी बसवली. वरचा बी फ्लॅट, जो मला नेहमी ढकलावा लागायचा, तो पहिल्याच फुंकरीत उभा राहिला. मी दोनदा पुन्हा वाजवून पाहिला, खरंच तोच सूर आहे ना म्हणून.

मूळ नळी पुसून, सुती फडक्यात गुंडाळून पेटीच्या कप्प्यात ठेवली आहे. सोबत जुना पाण्याच्या कळीचा बूच आणि झिजलेलं वॉशर, पुढे कधी हे वाद्य कुणाच्या हाती जाईल तेव्हा त्याला लागले तर.