कारखान्याचा आकडेफलक

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींच्या मनात आले असेल की, डॅशबोर्ड ही पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांची बाब; बारामती-इंदापुराशी तिचा काय संबंध? संबंध अगदी निकटचा आहे. या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. सभासद शेतकरी हेच त्यांचे मालक. गाळप हंगामात असा कारखाना दिवसाला हजारो टन ऊस गाळतो, आणि उसाच्या प्रत्येक खेपेबरोबर काही आकडेही आत येतात. ते आकडे वेळेवर, योग्य माणसासमोर, त्याला समजतील अशा रीतीने मांडणारा संगणकावरील फलक म्हणजे डॅशबोर्ड.

या शब्दाचा इतिहास मोठा बोलका आहे. घोडागाडीत घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडवण्यासाठी पुढे एक फळी लावीत. तिचे हे नाव. पुढे मोटारी आल्या आणि त्या जागी वेग व इंधन दाखवणारे काटे बसले. पेट्रोलचा काटा खाली आला की चालक पंपाकडे गाडी वळवतो. आपल्या फलकाची कसोटीही हीच. जो आकडा पाहून कोणी काही करणार नाही, त्याला फलकावर जागा देऊ नये.

म्हणून फलकाचे काम संगणकापासून सुरू करू नये, प्रश्नांपासून करावे. शेतकी अधिकाऱ्याचा प्रश्न असतो, उद्या कोणत्या गटात किती तोडणी टोळ्या पाठवू? मुख्य रसायनतज्ज्ञाचा प्रश्न असतो, उसातील साखर बगॅसमधून आणि मळीतून किती निसटते? हिशेबनीसाला पाहायचे असते, कोणाचे बिल किती दिवस थकले? 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात; उशीर झाल्यास दरसाल 15 टक्के व्याज लागते. या तिघांना एकच फलक दाखवला तर तो तिघांच्याही उपयोगी पडत नाही. प्रत्येकाला चार-पाच आकड्यांचा स्वतंत्र फलक हवा.

दुसरी पायरी व्याख्येची. येथेच बहुतेक ठिकाणी पाय घसरतो. साखर उताऱ्याचे उदाहरण घ्या. समजा, एके दिवशी 5,000 टन ऊस गाळला आणि उतारा 10 टक्के आला. दुसऱ्या दिवशी यंत्र बंद पडल्यामुळे 1,000 टनच ऊस गाळला गेला आणि उतारा 11.2 टक्के आला. दोन दिवसांचा उतारा किती? संगणकाला ‘सरासरी काढ’ एवढेच सांगितले, तर तो 10.6 सांगेल. पण साखर निघाली 500 अधिक 112, म्हणजे 612 टन. ऊस लागला 6,000 टन. खरा उतारा 10.2 टक्के. 2025-26 च्या हंगामासाठी रास्त व किफायतशीर दर 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरला. त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये अधिक. म्हणजे एक दशांश टक्का हलला की टनामागे 34 रुपये 60 पैसे हलतात. पाच लाख टन गाळपावर ही रक्कम 1 कोटी 73 लाख होते. फलकावरचा आकडा आणि बिलाचा आकडा जुळला नाही, तर शेतकरी दोन्हींवरचा विश्वास सोडतो. आणि त्याला दोष देता येत नाही. त्यातच साखरेचा काही अंश इथेनॉलकडे वळवला असेल, तर तो धरून उतारा काढला की सोडून, हेही लिहून ठेवले पाहिजे. प्रत्येक आकड्याची व्याख्या एका कागदावर लिहावी आणि तिच्यावर शेतकी, रसायन व हिशेब या तिन्ही विभागांच्या सह्या घ्याव्यात.

तिसरी पायरी नोंदींची. ऊसनोंद शेतकी विभागात, वजन काट्यावर, उतारा प्रयोगशाळेत, बिल हिशेब विभागात. एकच शेतकरी एका वहीत आडनावाने, दुसऱ्या वहीत नुसत्या आद्याक्षरांनी लिहिलेला असतो. संगणकाला ही दोन माणसे वाटतात. सभासद क्रमांक सर्वत्र एकच असला, तरच या वह्या एकमेकींशी बोलू लागतात. मग या नोंदी ठराविक वेळी एका वेगळ्या भांडारात उतरवून घ्याव्यात, म्हणजे फलकापायी काट्याचे काम अडत नाही. जी नोंद जुळत नाही ती गुपचूप गाळून टाकू नये. तिची यादी सकाळी संबंधितांच्या टेबलावर ठेवावी. पॉवर बीआय, टॅब्लो, मेटाबेस यांपैकी कोणते साधन वापरावे, हा प्रश्न यानंतरचा.

आता सर्वांत महत्त्वाचे. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो. शेतकऱ्याचे वजन घटते, कारखान्याची साखर घटते. तोडणीपासून गव्हाणीत पडेपर्यंत किती तास गेले, हा आकडा दोघांच्याही हिताचा. परंतु तो काढायला दोन वेळा लागतात. काट्यावरची वेळ यंत्र नोंदवते. फडातली तोडणीची वेळ कोणीतरी चिठ्ठीवर लिहावी लागते. ती लिहिली नसेल, तर कितीही सुंदर फलक हा उशीर दाखवू शकणार नाही. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या ऊसशेतीतील प्रयोगाची वाखाणणी 2025 साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्य नाडेला यांनी केली. त्या प्रयोगात उपग्रहाची छायाचित्रे आहेत आणि हवामानाच्या नोंदी आहेत. त्यांबरोबरच शेतातल्या मातीची मोजमापेही आहेत. आकाशातून दिसणाऱ्या आकड्यालाही जमिनीवरच्या नोंदीची जोड लागते.

फलक तयार झाला की हंगामाच्या आरंभी पंधरा दिवस तो कागदी दैनिक अहवालाशी रोज ताडून पाहावा. प्रत्येक आकड्यापुढे ‘आज सकाळी 6 पर्यंत’ अशी वेळ छापावी. शिळा आकडा ताजा म्हणून वाचला गेला, की निर्णय चुकतो. आणि प्रत्येक आकड्याचा एक जबाबदार माणूस नेमावा.

शेवटी सभासदांना एक विनंती. वार्षिक सभेत छापील अहवाल हाती येतो तेव्हा हंगाम संपून महिने लोटलेले असतात. संचालकांच्या दालनात फलक लागला असेल, तर त्यातले गाळप, उतारा, ताटकळलेल्या उसाचे तास आणि थकलेली बिले हे चार आकडे काट्याजवळच्या भिंतीवरही रोज लावावेत, अशी मागणी करा. ऊस घेऊन आलेला माणूस रात्री रांगेत उभा असतो. त्याला ते वाचता आले पाहिजेत.